जग यहोवाच्या साक्षीदारांचा द्वेष करतं, की साक्षीदारांना तसं शिकवलं जातं?

पश्चिमवारा (धागाकर्ता)

परवा एका धाग्यात हे वाचलं: "दारावर मासिकं घेऊन येणाऱ्या यहोवावाल्यांना वाटतं की सगळं जग त्यांच्या वाईटावर आहे. जगाला त्यांची पडलेलीसुद्धा नाही. छळाचा नुसता भ्रम." खाली लगेच 'सहमत', 'सहमत'. डोकं फिरलं, म्हणून यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाबद्दल हा वेगळा धागा.

भ्रम आणि शिकवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'तुम्ही जगाचे नाही म्हणून जग तुमचा द्वेष करतं' हे बायबलमधलं योहान 15:19 चं वचन आणि त्याच अर्थाचं मत्तय 24:9 हे प्रत्येक साक्षीदाराला तोंडपाठ असतं. आठवड्याला दोन सभा होतात आणि त्यांत हा विषय सतत येत राहतो. मग दारावरचा अनुभव त्याच चौकटीत बसतो. कोणी दार आपटलं, तर वचन खरं ठरलं. कोणी बसवून ऐकलं, तर योग्य मनोवृत्तीचा माणूस भेटला. समोरचा माणूस फक्त घाईत होता, ही तिसरी शक्यता मोजलीच जात नाही.

पण म्हणून छळ झालाच नाही असं म्हणणाऱ्यांनी इतिहास उघडावा. नाझी राजवटीत छळछावण्यांमध्ये त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण असे. श्रद्धा सोडल्याच्या छापील कागदावर सही केली की सुटका होण्याची वाट त्यांना खुली होती. बहुतेकांनी सही केली नाही. एरिट्रियाने 1994 मध्ये त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं. रशियाने एप्रिल 2017 मध्ये 'अतिरेकी संघटना' ठरवून बंदी घातली, आणि तिथे बायबल वाचायला जमल्याबद्दल माणसं तुरुंगात जातात. आपल्याकडे 29 ऑक्टोबर 2023 ला केरळमधल्या कळमश्शेरीत त्यांच्या अधिवेशनात स्फोट झाले. जबाबदारी घेणारा माजी सदस्य होता आणि कारण काय दिलं, तर ही शिकवण देशविरोधी आहे.

माझं म्हणणं एवढंच की ही दोन टोकं एकाच पोत्यात भरली जातात. आतले लोक कंटाळ्याला द्वेष समजतात आणि बाहेरचे लोक खऱ्या द्वेषाला भ्रम म्हणतात.

खाडीपलीकडे

अर्धंच लिहिलंत. त्यांना आम्ही कसे दिसतो तेही लिहा की! त्यांच्या साहित्यात बाकी सगळे धर्म म्हणजे 'मोठी बाबेल', म्हणजे खोट्या धर्माचं साम्राज्य, आणि त्यात पहिला नंबर आम्हा चर्चवाल्यांचा. आम्ही कॅथलिक म्हणून त्यांच्याशी बोलायला बसलो की त्र्यैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) खोटं, नाताळ मूर्तिपूजकांचा, क्रूस चुकीचा. इतकं ऐकवल्यावर समोरचा चिडणारच, आणि त्याच्या चिडण्याला 'छळ' म्हणायचं. हा कुठला न्याय?

बाकी एक गंमत. येशूला क्रूसावर नव्हे, साध्या खांबावर मारलं, हा त्यांचा इंग्रजीतला मोठा मुद्दा मराठीत पोचतच नाही. प्रोटेस्टंट मराठी बायबलमध्ये 'वधस्तंभ' हाच शब्द आधीपासून आहे. त्यामुळे इथल्या हिंदू शेजाऱ्याला साक्षीदार, पेंटेकोस्टल आणि आमचे फादर सगळे एकच: 'मिशनरी'. धर्मांतराच्या आरोपाखाली मार खाताना कोणी पंथ विचारत नाही. आम्हालाही त्यांच्यामुळे बोलणी बसतात, हे त्यांनी लक्षात घ्यावं.

राज्यसभागृह

मी साक्षीदार आहे. वाचत होते, आता राहवत नाही.

आमच्याबद्दल लोक काय म्हणतात ते आम्हाला नीट माहीत आहे. अमेरिकेच्या पैशावर चालतात, घरं फोडतात, मुलांचे वाढदिवस हिरावून घेतात, दवाखान्यात मुलं मारतात. यातलं एक तरी वाक्य कोणी आम्हाला विचारून लिहिलंय का? सभेत थाळी फिरत नाही, दशांश घेत नाहीत, मंडळीतल्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या ज्येष्ठांना, पगार नाही. सभागृहात दानपेटी असते, ज्याला टाकायचं तो टाकतो. प्रचाराचे तास लिहून देण्याचा नियमही नोव्हेंबर 2023 पासून सर्वसाधारण प्रचारकांसाठी राहिला नाही. महिन्यात भाग घेतला एवढी खूण पुरते. तास फक्त पायनियर, म्हणजे ठरावीक तास प्रचार करणारे, मोजतात. दाढीवरचा आक्षेपही त्याच डिसेंबरात गेला. तरी इथे लोक वीस वर्षांपूर्वीचं ऐकीव लिहितात.

खाडीपलीकडे, तुमच्या शिकवणीला खोटं म्हणणं म्हणजे तुमचा द्वेष नाही. तुम्हीही आम्हाला पाखंडी म्हणताच.

जाईजुई

ताई, पैशाचं राहू द्या. राष्ट्रगीत का गात नाही तुम्ही? या देशात राहायचं आणि बावन्न सेकंद तोंड उघडायचं नाही. लोकांना राग येतो तो याचा. याला छळ म्हणू नका.

कलम२५

जाईजुई, हा वाद सर्वोच्च न्यायालयात 1986 साली संपला आहे. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी तीन भावंडं रोज राष्ट्रगीताला ताठ उभी राहायची, फक्त गायची नाहीत. वर्षानुवर्षं शाळेला काही अडचण नव्हती. एका आमदाराच्या नजरेला पडलं, त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला, चौकशी आयोग बसला. आयोगाने अहवाल दिला की मुलं शिस्तीची आहेत आणि त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरीही जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं.

न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी 11 ऑगस्ट 1986 ला निकाल दिला. गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलच्या 1971 च्या कायद्याचं कलम 3 गायनात अडथळा आणण्याबद्दल आहे, गप्प उभं राहण्याबद्दल नाही. आदराने उभं राहणं हा आदरच. म्हणून घटनेचं कलम 19(1)(अ) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि 25(1) (धर्मस्वातंत्र्य) दोन्हींचा भंग झाला. त्यांची श्रद्धा न्यायाधीशांना पटते की नाही हा प्रश्नच नाही, ती प्रामाणिक आहे का एवढं बघायचं, हेही त्याच निकालात आहे.

जाईजुई

कायद्याने चालतं म्हणजे मनाला पटतं असं नाही. उभे राहतात हे मला माहीत नव्हतं, तेवढं मागे घेते. पण रक्ताचं काय? मुलाला रक्त न देता मरू देणारी श्रद्धा प्रामाणिक असली तरी मला चालणार नाही. मरायला तयार असलेल्यांना वेडे म्हणायचं नाही तर काय?

ओटीटेबल

रक्ताचा विषय निघालाच आहे तर नीट बोलू, कारण 'वेडे' या शब्दाने प्रत्यक्ष नुकसान होतं. पेशंट भांडण होणार असं धरून येतो, सर्जनही बाह्या सरसावून बसतो, आणि तयारीचे तीन आठवडे वाया जातात.

ते नाकारतात त्या चार गोष्टी: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. स्वतःचं आधी काढून साठवलेलं रक्तही पूर्वी सरसकट नको असे. अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्लाझ्मातली प्रथिनं), गोठण्याचे घटक, डायलिसिस, हार्ट-लंग मशीन, सेल सेव्हर (ऑपरेशनमध्ये वाहिलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र) हे ज्याने त्याने सदसद्विवेकाने ठरवायचं. म्हणून 'रक्त चालेल का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहून सही घ्या. रक्त नको असं लिहिलेलं खिशातलं कार्ड बघाच, पण त्यावर थांबू नका. कार्ड जुनं असू शकतं.

ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर निदान तीन-चार आठवडे आधी सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी12 या रक्ततपासण्या. लोह कमी असेल तर शिरेतून फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध, एका वेळी जास्तीत जास्त 1000 मिग्रॅ, सलाइनमधून साधारण 15 मिनिटांत. हिमोग्लोबिन चढायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे आदल्या रात्री दिलेलं लोह त्या ऑपरेशनच्या कामाचं नाही. ही चूक सर्रास होते. एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) द्यायचं तर लोहासोबतच, नाहीतर हाडातल्या मज्जेला कच्चा माल मिळत नाही आणि महागडं इंजेक्शन फुकट जातं. गुठळीचा धोका वाढतो तो वेगळाच. काही ब्रँडमध्ये अल्ब्युमिन असतं, तेव्हा लेबल वाचा आणि पेशंटला सांगा.

ऑपरेशनला चीर देण्याआधी रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम, सावकाश. पेशंट गरम ठेवा, थंड पडला की रक्त गोठत नाही. नंतर आयसीयूत लहान मुलांच्या नळ्यांमध्येच नमुने घ्या, कारण रोजच्या तपासण्यांतच बरंच रक्त जातं. सेल सेव्हर वापरणार असाल तर परत देण्याची नळी आधीच शिरेला जोडून सलाइनने भरून ठेवा. रक्ताभिसरण अखंड राहिलं तर पुष्कळजण हो म्हणतात, पिशवी सुटी करून बाजूला टांगली की तेच पेशंट नाही म्हणतात.

मोगरा

हे सगळं मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचं झालं. तालुक्याच्या गावी बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला की हातात वीस मिनिटं असतात. तिथे कुठला सेल सेव्हर आणि कुठले तीन आठवडे? पोटात पू किंवा विष्ठा असेल तर ते यंत्र तसंही चालत नाही. यंत्राचं भांडं भरण्याइतकं रक्त गोळा झालं नाही तर धुऊन परत द्यायला काही हाती लागत नाही. तुम्ही लोकांना असं भासवताय की रक्ताशिवाय सगळं जमतं. जमत नाही!

ओटीटेबल

सगळं जमतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. हिमोग्लोबिन 7-8 वर बहुतेक पेशंट निभावतात. 5 च्या खाली गेलं की प्रत्येक ग्रॅमला मृत्यूची शक्यता झपाट्याने वाढते. बाळंतिणीबद्दल तुमचं बरोबर आहे, मान्य. पण तिथेही नऊ महिने आधी माहीत असतं. सहाव्या महिन्यापर्यंत लोह भरून काढणं, रक्तपेढी आणि सर्जन असलेल्या ठिकाणी नाव घालणं, प्रसूतीच्या टेबलावर ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पाववणारं औषध) आणि ट्रॅनेक्झॅमिक तयार ठेवणं, बलून टँपोनेड (गर्भाशयात फुगा फुगवून रक्त थांबवणं) आणि गर्भाशय काढण्याचा निर्णय नेहमीपेक्षा लवकर घेणं. उशीर होतो तो बहुतेकदा 'ऐन वेळी नातेवाईक ऐकतील' या आशेवर.

मोगरा

लवकर गर्भाशय काढणं ही किंमत त्या बाईने मोजायची, आणि यातला धर्म आपण नीट समजून घ्यायचा. मला हे पचत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तर मुळीच नाही. ब्रिटन-अमेरिकेत न्यायालयं पालकांचा नकार बाजूला सारून मुलाला रक्त द्यायची परवानगी देतात, आणि ते योग्यच आहे.

राज्यसभागृह

मोगराताई, आम्हाला मरायचं नसतं, उपचार हवे असतात. कृत्ये 15:29 मध्ये 'रक्तापासून दूर राहा' असं स्पष्ट आहे. आमच्या रुग्णालय संपर्क समितीचे बंधू डॉक्टरांना हीच सगळी माहिती द्यायला येतात. ओटीटेबल यांनी जे लिहिलं ते कोणी शांतपणे विचारलं की आमची निम्मी भीती जाते.

उंबरठा

मी इतका वेळ गप्प होतो. दोन्ही बाजू बाहेरच्या माणसाबद्दल बोलताहेत. साक्षीदाराला खरी धास्ती बाहेरच्यांची नसते. बाहेर गेलेल्यांकडे मंडळी कशी बघते, ते त्याने पाहिलेलं असतं.

रीत अशी. गंभीर पापाची बातमी आली की तीन वडील बसतात. पश्चात्ताप दिसला नाही तर निर्णय, अपिलाला सात दिवस, मग सभेत एका वाक्याची घोषणा: अमुक यापुढे यहोवाचा साक्षीदार नाही. कारण सांगत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मित्र, भाऊ, वेगळी राहणारी आई कोणी बोलत नाही. ऑगस्ट 2024 पासून शब्द बदलला, 'बहिष्कृत' ऐवजी 'मंडळीतून काढलेला'. वडील आता एकाहून अधिक वेळा भेटतात, आणि तो सभेला आला तर नमस्कार करता येतो. ही सुधारणा आहे, मानतो. जेवायला एकत्र बसता येत नाहीच.

आता हे रक्ताशी जोडा. 2000 सालापासून, जाणूनबुजून रक्त घेऊन पश्चात्ताप न करणाऱ्याला काढत नाहीत. त्याने स्वतःच्या कृतीने संघटना सोडली असं धरतात. घोषणा तीच, अबोला तोच. मग संपर्क समितीचे दोन बंधू खाटेशेजारी उभे असताना दिलेला नकार कितपत मोकळा?

नॉर्वेने याच अबोल्यावरून अनुदान आणि नोंदणी काढून घेतली. 2024 मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने सरकारला बरोबर ठरवलं, 2025 मध्ये अपील न्यायालयाने साक्षीदारांना. साक्षीदारांना यात छळ दिसतो. सोडून गेलेल्यांना पहिल्यांदाच कोणी विचारपूस केल्यासारखं वाटतं.

राज्यसभागृह

उंबरठा, बायबलमधलं 1 करिंथकर 5 उघडून वाचा, पाप्याला मंडळीतून काढा असं तिथेच आहे. आमच्या मनाने कोणी हे करत नाही, आईला तर सगळ्यांत जास्त दुखतं. आणि परत यायचं दार बंद नसतं.

उंबरठा

दुखतं हे मला माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.

पश्चिमवारा (धागाकर्ता)

धागा रक्तावर गेला म्हणून वैतागलो होतो, पण उंबरठा यांनी मूळ प्रश्नावर आणून सोडला. माझ्या पहिल्या लेखात ही बाजू नव्हतीच. चूक मान्य.

ओटीटेबल

राज्यसभागृह, एकच विचारतो. डॉक्टरने सांगितलं की पाच मिनिटं पेशंटशी एकट्याने बोलायचंय, नातेवाईक नकोत, समितीचे बंधूही नकोत, तर ते बाहेर जातील?

राज्यसभागृह

जायलाच हवं. ते मदतीला असतात, निर्णय रुग्णाचा. पण आधी रुग्णालाच विचारा, त्याला ते आत हवे आहेत का.

उंबरठा

ते आत असतानाच विचारलं, तर तो 'हवे आहेत' असंच म्हणणार. आधी बाहेर पाठवा, मग विचारा.