डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक टाकू की लस टोचू?

तुमसरवाला: राम राम मंडळी. आमच्याकडे यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या दहा माद्या आहेत. दूध तोडलं की पिल्लं पातळ हगतात, दोन-चार जातातच. खाद्यवाला म्हणतो, पोत्यामागे अँटिबायोटिकची पावडर मिसळत जा, आजार फिरकणार नाही. एक ओळखीचे म्हणतात, पावडर सोडा, लस टोचा. दोन्ही खर्च झेपत नाहीत जी. काय करू?

वैनगंगाकाठ: आधी पावडरीचं लेबल वाचा भाऊ. कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक असेल तर परत करा. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांसाठी 2019 पासून देशात त्याची विक्रीच बंद आहे.

पशुसेवक_गोंदिया: पावडर की लस, असा हिशेब लावू नका. शेड रिकामी करतो तो स्वाइन फीवर. तो विषाणू आहे, पावडरीला भीक घालत नाही. त्याची लस आधी. लस घेतलेल्या मादीच्या पिल्लांना साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर, माद्यांना फळवण्याआधी, पुढे दरवर्षी. लाळ्या-खुरकुताची लस सरकारी मोहिमेत येते, त्यात डुकरंही धरलेली आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात नाव लिहून ठेवा, नाहीतर गाई-म्हशींचं टोचून गाडी पुढे जाते.

हगवणीचं गणित वेगळं. ती बहुतेक ई-कोलाय या जंतूची. परदेशात गाभण मादीला विण्याआधी त्याची लस देतात, म्हणजे चिकातून नवजात पिल्लाला ताकद मिळते; दूध तोडल्यावरच्या हगवणीला ती पुरत नाही. पण पिल्लानं पहिल्या काही तासांत चीक ओढलाच नाही तर लस वाया. बारकं पिल्लू मागं ढकललं जातं, त्याला हातानं सडाला लावा. दूध घाईनं तोडू नका, खाद्य हळूहळू बदला, जमीन कोरडी ठेवा. आमच्या भागात अर्धी हगवण ओल्या शेडनंच होते, हे माझं मत.

डेन्मार्कनं 2000 पर्यंत वाढीसाठीची अँटिबायोटिक्स खाद्यातून काढली, तेव्हा दूध तोडलेल्या पिल्लांची हगवण सुरुवातीला वाढली होती. म्हणून आधी शेड सुधारा, मग पावडर बंद करा. आजारी पिल्लाला मात्र औषध द्यायचंच, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

तुमसरवाला: लाइन तर रोज जाते. लस टिकते का?

पशुसेवक_गोंदिया: 2 ते 8 अंशांत राहिली पायजे. थर्मासात बर्फ घाला, पण बाटली कागदात गुंडाळा. लाळ्या-खुरकुताची लस गोठली की खराब. स्वाइन फीवरची कोरडी असते, सोबतच्या द्रावणात विरघळवली की लगेच संपवा. सकाळच्या गारव्यातच टोचा, कानामागे मानेत. तापलेलं जनावर त्या दिवशी सोडून द्या.

वैनगंगाकाठ: एक राहिलं. हॉटेलातलं उष्टं आणत असाल तर उकळल्याशिवाय घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीवर हा वेगळा आजार, तो उष्ट्यातूनही पसरतो; 2020 मध्ये देशात आलाय, त्यावर आपल्याकडे लस नाही.

तुमसरवाला: उष्टं आणतो जी, लग्नसराईत जास्तच. मोठी कढई शोधतो.