फुर्त्सेवा यांचे सांस्कृतिक मंत्रिपद : बढती की पदावनती?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. आमच्या वाचकमंडळात पुढील महिन्यात मला सोव्हिएत नेत्या येकातेरिना फुर्त्सेवा यांच्यावर बोलायचे आहे. १९१० मध्ये विश्नी वोलोच्योक येथे जन्मलेली, कापड गिरणीत विणकाम केलेली ही स्त्री १९५४ मध्ये मॉस्को शहर पक्षसमितीची प्रमुख झाली आणि १९५७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अध्यक्षमंडळाची, म्हणजे सर्वोच्च निर्णयसमितीची, पूर्ण सदस्य झालेली पहिली महिला ठरली, इथपर्यंतचा प्रवास समजतो. मात्र १९६० मध्ये त्यांना सांस्कृतिक मंत्री केले, तो सन्मान होता की उचलबांगडी? आपल्याकडे मंत्रिपद मिळाले की गुलाल उधळतात, त्यामुळे श्रोत्यांना काय सांगावे, असा पेच पडला आहे.

उत्तर (निपाणी)

ताई, उचलबांगडीच. सोव्हिएत व्यवस्थेत निर्णय पक्षाचे सचिवालय आणि अध्यक्षमंडळ घेई. मंत्रालयांकडे अंमलबजावणी उरे. मे १९६० मध्ये मंत्रिपद देताना त्यांच्याकडील पक्षाच्या केंद्रीय समितीचे सचिवपद काढून घेण्यात आले, ही बाब निर्णायक आहे. जून १९५७ मध्ये मोलोतोव, मालेन्कोव आणि कागानोविच या ज्येष्ठ नेत्यांनी पक्षप्रमुख ख्रुश्चेव यांना हटवण्याचा घाट घातला, तेव्हा त्या ख्रुश्चेव यांच्या पाठीशी ठाम उभ्या राहिल्या आणि त्याचे फळ त्यांना लगेच मिळाले. पण ज्यांच्या मर्जीने त्या वर चढल्या, त्यांच्याच काळात ऑक्टोबर १९६१ मधील पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनात अध्यक्षमंडळातूनही वगळल्या गेल्या. त्या धक्क्याने त्यांनी मनगटाच्या शिरा कापून घेतल्या होत्या.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

निपाणीच्या सरांचे म्हणणे सत्तेपुरते मान्य, परंतु तिथेच थांबलो तर पुढची चौदा वर्षे हातची निसटतात. ख्रुश्चेव १९६४ मध्ये पदावरून गेले, तरी फुर्त्सेवा ऑक्टोबर १९७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत मंत्री राहिल्या. तेव्हा केवळ एका नेत्याची कृपा हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

मी हौशी नाटकवाला असल्यामुळे मला मॉस्कोच्या तागान्का नाट्यगृहाचे प्रकरण अधिक बोलके वाटते. तेथे दिग्दर्शक ल्युबिमोव यांनी सामूहिक शेती सोडू पाहणाऱ्या एका शेतकऱ्याचे नाटक बसवले होते. बसवून तयार झालेला प्रयोग अधिकाऱ्यांना दाखवून संमती घेतल्याखेरीज पडदा उघडत नसे. फुर्त्सेवा यांनी स्वतः तो पाहिला आणि रोखला. प्रेक्षकांसमोर तो १९८९ मध्ये आला. संहिता पाठ, नेपथ्य उभे, आणि प्रयोग दोन दशके अडकलेला! याच बाईंच्या कारकिर्दीत, १९७४ च्या उन्हाळ्यात, टोकियोहून पॅरिसला परतणारी मोनालिसा मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात थांबली आणि लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या. परदेशातली कला देशात आणायला त्यांचा हात सैल होता, घरच्या नाटकवाल्यांसाठी मात्र आखडता. व्याख्यानात हा विरोधाभास जरूर घ्यावा.

उत्तर (निपाणी)

हा मुद्दा रास्त आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला पूरकच ठरतो. अध्यक्षमंडळाबाहेर पडलेल्या मंत्र्याला वादग्रस्त नाटकाची जबाबदारी अंगावर घेणे परवडणारे नव्हते. मोनालिसात तसला धोका नव्हता.

प्रश्नकर्ती (खानापूर)

दोघांचेही आभार. १९५७ ते १९६१ हा काळ थोडक्यात आटोपून तागान्कावर अधिक वेळ देईन. शहापूरच्या सरांना जमत असेल, तर त्या दिवशी त्यांनी नाट्यगृहाच्या भागावर दहा मिनिटे बोलावे, अशी विनंती आहे.