रोज दहा मिनिटं, हात न थांबवता : तुमचे अनुभव सांगा

मोगरा_७८
परवा माळा आवरताना रेक्झिनची जुनी बॅग सापडली. आत लाइटची बिलं, माझ्या लग्नातल्या आहेराची यादी आणि तळाशी एक पाकीट. २००३ साली एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. सोबत तिकीट लावून, स्वतःचा पत्ता घालून पाकीट द्यायची पद्धत होती तेव्हा. त्याच पाकिटातून कथा 'साभार परत' आली होती. शिडीवरच बसून राहिले. नकार आला तोही माझ्याच अक्षरातल्या पत्त्यावर! त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. (खोटं. लेकाचे निबंध लिहिले. 'मी पंतप्रधान झालो तर'ला दहापैकी नऊ.)

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा मिनिटं लिहायला बसतेय. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचलं नाही तर 'सुचत नाही सुचत नाही' लिहीत राहायचं. घड्याळाऐवजी कुकर लावते, तीन शिट्ट्या होईपर्यंत. पहिले पाच दिवस वहीत नुसता दूधवाला, कामवालीची रजा आणि 'काय लिहू'. सहाव्या दिवशी एकदम आजी आली. परसात उकिडवी बसून राख आणि नारळाच्या शेंडीने पितळेचा डबा घासणारी. झाकणावरचं नाव घासून घासून पुसट झालेलं, नाव आजोबांच्या पहिल्या बायकोचं. हे मी तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, मलाही आठवत नव्हतं. लिहीत राहिले आणि डाळ लागली.

कोणी करून पाहिलंय असं? परत लिहिते झालात का?

खारी_बिस्कीट
डाळ गेली खड्ड्यात. डब्याचं पुढे काय झालं?

नामानिराळा
जिल्हा परिषदेत ३४ वर्षं टिपण्या लिहिल्या. निवृत्त झाल्यावर मुलीने वही आणून दिली, म्हणाली, बाबा, मनात येईल ते लिहा. मनात आलं, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की'. दोन आठवडे मनातलं सगळं मान्यतेस्तव सादर होत होतं. 'मी' लिहायला सव्वा महिना लागला. आमच्याकडे मी नसतो, निम्नस्वाक्षरीकार असतो.

मोगरा_७८
काका, हसून हसून चहा सांडला वहीवर.

बोरू
पीटर एल्बो नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७३ च्या पुस्तकात हा दहा मिनिटांचा व्यायाम सांगितलाय, तोही आठवड्यातून किमान तीनदा. त्यामुळे एखादा दिवस चुकला म्हणून वही गुंडाळून ठेवू नका, मी दोनदा तसंच केलंय.

माझा हात खरा अडायचा तो शिरोरेखेपाशी. शब्द लिहा, मागे या, रेघ मारा. मोडी शिकायला गेलो तेव्हा कळलं, तिथे आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं खाली लोंबकळवत जायची. ऱ्हस्वदीर्घाची भानगडच नाही. आता मुक्तलेखनाला एकरेघी वही घेतो, छापील रेघ हीच शिरोरेखा. बालबोधच, म्हणजे आपली नेहमीची देवनागरीच लिहितो, पण मोडीच्या चालीने. नंतर स्वतःलाच लागत नाही ते वेगळं.

शाईचा_डाग
@बोरू पेन कुठलं वापरता? माझं शाईपेन एकरेघीवर फुटतं.

लाल_पेन
ऱ्हस्वदीर्घ म्हणालात आणि जखमेवर मीठ. मी मराठी शिकवते. 'आणि', 'नि' हे शेवटी ऱ्हस्व, अपवाद, हे इतकी वर्षं फळ्यावर लिहिलंय की स्वतःच्या वहीतही चूक दिसली की हात मागे जातो. यावर उपाय म्हणून लॅपटॉपचा उजेड पार कमी करून अंधारात टंकते. चुका दिसतच नाहीत. एकदा कर्सर भलत्याच खिडकीत होता. सासऱ्यांच्या आजारपणावर तीन परिच्छेद सोसायटीच्या पाणीकपातीच्या ग्रुपात टाइप झाले. नशीब, पाठवायचं बटण दाबलं नव्हतं.

खारी_बिस्कीट
दाबलं असतं तर टँकर तरी लवकर आला असता.

कडू_कारलं
मला नाही पटलं हे प्रकरण. तीन महिने नेमाने लिहिलं. सगळी पानं जावेवर. आधी मोकळं वाटायचं, मग राग पाठ व्हायला लागला. सकाळी विसरले असते ती गोष्ट लिहून पुन्हा ताजी. वरून नवऱ्याने वही वाचली.

मोगरा_७८
अगं बाई. मग?

कडू_कारलं
मग काय, तो म्हणाला, वहिनी अगदी अश्शीच बोलते, कसं पकडलंस! म्हणजे तक्रार राहिली बाजूला, याला संवाद आवडले.

लोकलवासी
कारलं, तीच तर कथा. जावेचं नाव-गाव बदल आणि चालू कर.

माझं लेखन कल्याण ते सीएसएमटी. एका हाताने कडी, एका अंगठ्याने फोन. ठाणं आलं की बंद, कारण उतरणाऱ्यांचा लोंढा आपल्याला विचारून येत नाही. नुसतं रोज लिहून कथा होत नाही, हे मला चार महिन्यांनी कळलं. ढीग साचतो. आता रविवारी आठवड्याचं सगळं वाचतो, एकच वाक्य उचलतो आणि सोमवारी तिथून सुरू करतो. गेल्या महिन्यातलं वाक्य होतं, 'चौथ्या सीटवरचा माणूस कधीच पूर्ण बसलेला नसतो.' (चौथी सीट म्हणजे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कसाबसा टेकतो ती.) पाच सोमवार तोच माणूस लिहिला. अकरा पानं झालीत, अजून बसलेला नाही.

दूरदेशी
न्यू जर्सीत १९ वर्षं. मराठी टाइप करते, पण हाताने लिहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी 'ळ'पाशी हात अडला. अक्षरशः आठवेना कुठून सुरू करायचा. दहापैकी चार मिनिटं ळ ळ ळ ळ काढले. मग केळं, मग पोळी, मग आईची साखरपोळी आणि मग लिहिणं नाही, रडणं झालं. बाकी कामावरून घरी आल्यावर.

बोरू
@शाईचा_डाग शाई फुटते तो दोष वहीचा, पेनचा नाही. जाड कागद घ्या, नाहीतर सरळ जेल पेन.

नामानिराळा
लोकलवासी, आम्ही कर्जतहून यायचो तेव्हा चौथी सीट मागायलाही तिसऱ्या सीटची पूर्वमान्यता लागायची. आपल्या कथेत तो बसला तर कळवणे.

खारी_बिस्कीट
मोगरा, यंदा पाठव कुठेतरी डब्याची गोष्ट. आणि लागलेल्या कुकरमध्ये कांद्याची सालं घालून पाणी उकळ, निघतं.

मोगरा_७८
निघाला. पण आज रिंग सैल झालीय, शिट्टी होईचना. वाट बघत चार पानं झाली. पहिली बायको बोलायला लागलीय त्यात, आणि ती आजीपेक्षा जास्त बोलते. रिंग आणायला सांगितलीय ह्यांना, घाई नाही म्हटलं.

कडू_कारलं
जुनी रिंग सोबत द्या त्यांच्याकडे. पाच लिटरची तिनाला बसत नाही, आमच्याकडे तीन फेऱ्या झाल्यात.