परभणी केंद्र अजून कोणाच्या घरी लागते?

जिंतूरकर:
गोठ्यातल्या खुंटीला ट्रान्झिस्टर अडकवायचा, धारा काढता काढता आकाशवाणीचे परभणी केंद्र ऐकायचे आणि हवामानाच्या अंदाजावर स्वतःचे मत द्यायचे, हा आमच्या वडिलांचा क्रम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मी संभाजीनगरला नोकरीला असून मोबाइलवर गाणी ऐकतो. रेडिओ कधी सुटला, हे माझे मलाच कळले नाही. दिवाळीला गेलो तेव्हा संचातून इतकी खरखर येत होती की निवेदकाचा शब्दही लागत नव्हता, तरी वडील कान लावून बसले होते. त्यांना नवा संच घ्यावा की मोबाइलवर ऐकायला शिकवावे, आणि आपल्या भागात असे मन लावून ऐकणारे आणखी कोणी आहेत का?

औसेकर:
आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही अंगणात धावलो. हादरा आम्हालाही बसला होता, पण किल्लारीत काय झाले हे घरात कळले ते रेडिओवरूनच. तेव्हापासून आमच्याकडे सेल संपले तर त्याच दिवशी आणले जातात.

बीडहून एक वाचक:
खरे सांगायचे तर बहुतेक ठिकाणी रेडिओ ऐकला जात नाही, नुसता वाजतो. १९५७ साली विविध भारती सुरू झाली ती श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळलेला श्रोता परत आणण्यासाठी. आता तो मोबाइलकडे गेला आहे. आकाशवाणीचे ‘न्यूज ऑन एअर’ हे अ‍ॅप चांगले आहे, पण शिवारात रेंज गेली की तेही मुके होते.

परभणीकर:
संच बदलण्याआधी गोठ्यातला दिवा बंद करून पाहा. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांचा विद्युत गोंगाट मध्यम लहरींत, म्हणजे ज्या मीडियम वेव्हवर परभणी केंद्र लागते तिच्यात, सहज मिसळतो, त्यामुळे वीज गेल्यावर खरखर थांबत असेल तर दोष संचाचा नाही. या लहरींचा अँटेना आत फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कांडीवर गुंडाळलेला असतो. बाहेरची दांडी ओढण्यापेक्षा संचच थोडा थोडा फिरवून पाहावा.

जिंतूरकर:
शनिवारी गावी जाऊन आलो. दिवा बंद करताच आवाज स्वच्छ झाला. नवा दिवा आणीपर्यंत वडील अंधारातच धारा काढत आहेत; म्हशीला त्याचे काही वाटत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.