येळवस रविवारी घ्यायची का?

सेक्रेटरी (बी-३०१): नमस्कार मंडळी. येळवस १९ तारखेला शुक्रवारी येतीय. लेकरांच्या शाळा, क्लास, ऑफिस, सगळ्यांच्या अडचणी आहेत म्हणून काही जणांनी सुचवलं की रविवारी २१ ला आपल्याच टेरेसवर घेऊ, भज्जी-आंबील केटररला सांगू, माणशी २०० काढू. काय म्हणता?

ए-१०४: चालतंय की. रविवार बेस्ट.

मावशी (सी-२०२): आता काय बोलावं बाई. अमावस्या कधी रविवारी ढकलत असतेत का? आन टेरेसवर निवद कुणाला दाखवायचा, पाण्याच्या टाकीला?

बी-१०३: मावशी 😂😂 टाकीला

ए-४०३: आम्ही जूनमध्ये नाशिकहून आलो म्हणून विचारते, येळवस म्हणजे नक्की काय असतं? आमच्या ब्रांचमध्ये शुक्रवारी सगळ्यांचेच सुट्टीचे अर्ज आलेत, मॅनेजर डोक्याला हात लावून बसलेत

बी-१०३: वहिनी वेळ अमावस्या म्हणतेत पुस्तकात. मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपी घालायची, पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून पुजायचं, चारी बांधावर आंबील शिंपडायची अन तिथंच जेवायचं. त्या दिवशी लातुरात कर्फ्यू लागल्यावानी असतंय, मार्केट बंद, ऑटो मिळत नाही, कलेक्टर साहेब सुट्टी देतेत. ज्याला शेत नाही तो बी कुणाच्या तरी शेतात जेवायलेला असतो. आपलं लातूर, धाराशिव अन तिकडं खाली बिदर, कलबुर्गी, ह्या भागातच जास्त. पुण्याच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटतं अमावस्येला काहीतरी उतारा बितारा असंल

ए-१०४: कन्नडमधी येळु म्हणजे सात. सातवी अमावस्या म्हणून येळवस.

सेक्रेटरी (बी-३०१): सर चैत्रापासून मोजली तर नववी येते ओ

ए-१०४: जेष्ठापासून मोजा. मिरगापासून शेतकऱ्याचं साल सुरू होतं. बरोब्बर सात.

बी-४०१: आमचे बिदरचे पाहुणे तर म्हणतेत एळ्ळु म्हणजे तीळ, तिळावरून नाव पडलं

मावशी (सी-२०२): तुमी बसा मोजत. चुक्याची भाजी कोन आननार ते सांगा आधी.

ए-४०३: मावशी भज्जीची रेसिपी पाठवा ना प्लीज, मी नेटवर बघितली तर कांदाभजीच येतायत सगळीकडे

मावशी (सी-२०२): अगं भजी न्हवं, भज्जी. पातळ असती, भाकरीसंगट खायची. तुरीचे सोले, हरभऱ्याचे सोलाने, वटाना, वालाच्या शेंगा, भुईमुगाचे दाने हे सगळं आधी शिजवून घ्यायचं, त्यात गाजर, मेथी, पालक, चाकवत आन चुका, आन हिरवी चिंच ठेचून, चिंचेबिगर मजा नाही, आन मग आंबट ताकात डाळीचं पीठ कालवून वतायचं आन हालवत ऱ्हायचं, गठुळ्या होऊ द्यायच्या नाहीत. वरून लसनाची आन हिरव्या मिरचीची फोडनी. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाचा खिचडा. आंबिलीला ज्वारीचं पीठ रातच्याला ताकात भिजवायचं, पहाटे शिजवून गार करायचं, परत ताक घालायचं, लसून जिरं मीठ. मागं एका लग्नात केटररनी भज्जी म्हणून पालकाचं बेसन वाढलं होतं, मी हात धुऊन उठले

बी-४०१: खिचडा नाव काढलं की भूक लागली

सेक्रेटरी (बी-३०१): बरं केटरर कॅन्सल. पण मग जायचं कुठं? मागच्या साली ३० डिसेंबरला अण्णांच्या शेतात गेलो होतो, सोमवार असून ३५ माणसं होती. अण्णा?

बी-१०३: अण्णांनी सकाळीच सगळं वाचलंय, निळी टिक दिसायलीय, पण बोलंनात

अण्णा (सी-१०१): वाचायलोय सकाळपासून. मीच कुणाला बोलावलं नाही यंदा, कुणी गैरसमज करून घेऊ नका. सप्टेंबरात मांजरेचं पाणी शेतात आलं तवा सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होतं, पाणी उतरलं तर खालच्या दोन एकरातली मातीच गेलेली, पार मुरूम उघडा पडलाय. हरभरा नोव्हेंबरच्या शेवटाला पेरलाय, अजून वीतभर बी नाही. ज्वारी पेरलीच नाही म्हणजे हुरडा नाही अन कोपीला कडबा बी इकत आणायचा. वरच्या पट्टीत तूर तेवढी उभी आहे. मागल्या साली लेकरं बांधावरनं पळत होती, गहू डोलत होता, फोटो काढले सगळ्यांनी. आता काय दाखवू

मावशी (सी-२०२): अण्णा, १९७२ साली आमच्या बापानं नुसत्या धसकटात कोप घातली होती. आंबिलीत ताक कमी आन पानीच जास्त, तरी चारी बांधावर शिंपडली. तुरीला शेंगा भरल्यात का तेवढं सांगा.

अण्णा (सी-१०१): भरल्यात चांगल्या

मावशी (सी-२०२): मग सोले तितंच तोडू. पाच पेंढ्या कडबा माझ्या भावाकडनं आनते, पैसे बोलायचं नाही.

बी-१०३: हेंडग्याला अजून दोन पेंढ्या लागतेत मावशी, अंधार पडल्यावर पेटवून शेताभोवती फिरवायला

मावशी (सी-२०२): सात आनते. हरभऱ्याच्या जवळ जाऊ नको म्हंजे झालं पेटलेलं घेऊन.

सेक्रेटरी (बी-३०१): ठरलं मग, शुक्रवारी. ताक ए विंगने, भाकरी घरटी पाच, चुका चाकवत गुरुवारी गंजगोलाईतून मी आणतो. आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भांडं, कोण घेणार?

ए-४०३: मी घेऊ का? डोक्यावर घ्यायचं असतं ना?

मावशी (सी-२०२): घे की. घोंगडी मी देते पांघरायला. आन शिंपडताना ओलगे ओलगे सालम पोलगे म्हनायचं.

ए-४०३: याचा अर्थ काय?

ए-१०४: कन्नडच आहे ते. ऐकून ऐकून आपल्या तोंडी असं बसलंय

बी-४०१: आमच्या गावात व्हलगे व्हलगे म्हणतेत

मावशी (सी-२०२): शेताला समजतंय दोनी.

सेक्रेटरी (बी-३०१): अण्णा फायनल ना? गाड्या किती आणायच्या सांगा

अण्णा (सी-१०१): या. गाड्या डांबरीवरच लावा, पुढं चिखलाच्या चाकोऱ्या वाळून पार दगड झाल्यात, ऑइल चेंबर फुटंल. अन पांडवाला दगड हुडकायची गरज नाही यंदा, पुरानं ट्रॉलीभर आणून टाकलेत, लागतील तेवढे पांडव करा

बी-१०३: 😂😂 चुना मी आणतो