गाणं तयार आहे, पण पाठवायचं कुणामार्फत? डिस्ट्रिब्युटरचे अनुभव सांगा

धागाकर्ती:
माझा पाच गाण्यांचा ईपी मास्टर होऊन पडलाय. स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक ही मंडळी आपल्यासारख्यांकडून थेट गाणं घेत नाहीत (स्पॉटिफायने २०१८ मध्ये तसा प्रयोग सुरू केला होता, २०१९ मध्ये गुंडाळला), म्हणजे मध्ये गाणं त्यांच्यापर्यंत पोचवणारा डिस्ट्रिब्युटर लागणारच. सध्या या सेवांच्या जाहिराती वाचतेय. सगळेच म्हणतात हक्क तुमचेच, अपलोड काही मिनिटांत, गाणं जगभर. यावरून निवडायचं कसं?

तुलनेचे तक्ते नकोत, ते शोधले की मिळतात. गाणं तिथे दोन-चार वर्षं राहिल्यावर काय झालं ते लिहा. पैसे आले का, अडचण आली तेव्हा कुणी उत्तर दिलं का, सोडून जायची वेळ आली तर कसे सुटलात. रेफरल कोड टाकू नका. आणि तक्रार असेल तर कंपनीचं नाव न घेता लिहा, नाहीतर धागा भांडणात जाईल.

बासवाला:
आमचा चौघांचा बँड होता. वार्षिक वर्गणीवाली सेवा घेतली होती: हवी तितकी गाणी टाका, कमाईत वाटा नाही. बँड चालू होता तोवर उत्तम. खातं गिटारवाल्याच्या नावावर, कार्डही त्याचंच. बँड मोडला, पुढच्या वर्षीची वर्गणी त्याने भरली नाही. राग वगैरे काही नव्हता, त्याच्या डोक्यातच नव्हतं. मग एका श्रोत्याचा मेसेज आला की प्लेलिस्टमधलं तुमचं गाणं वाजत नाहीये. बघतो तर अख्खा अल्बम सगळीकडून उतरलेला.

कंपनीने फसवलं असं म्हणणार नाही, अटींत हे स्वच्छ लिहिलेलं असतं. काही ठिकाणी रिलीजमागे एकदाच वेगळी रक्कम भरून गाणं कायम ठेवायची सोय असते, डिस्ट्रोकिडमध्ये तिला 'लीव्ह अ लेगसी' म्हणतात. आपण गेल्यावर वर्गणी कोण भरणार, हा प्रश्न अभद्र वाटेल, पण वार्षिक योजना घेताना विचारायचा तोच आहे.

संथगती:
माझं उलटं. वर्षा-दोन वर्षांतून एखादं गाणं होतं. मला रिलीजमागे एकदाच फी घेणारी पद्धत बरी पडली. सीडी बेबी असं करते आणि बदल्यात कमाईतले ९ टक्के स्वतःकडे ठेवते. मित्र हसतात, म्हणतात ९ टक्के कशाला देतोस? अहो, कमाईच चिमूटभर, तिचे ९ टक्के ते किती! दरवर्षीची वर्गणी मात्र माझ्या कमाईपेक्षा जास्त झाली असती. दर महिन्याला गाणं टाकणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

आणि आजची योजना उद्या तीच राहील असं समजू नका. ट्यूनकोर पूर्वी प्रत्येक रिलीजचे दरवर्षी पैसे घ्यायची, २०२२ मध्ये वर्गणीत हवी तितकी गाणी अशी योजना आणली. त्यामुळे जुन्या लेखांतली तुलना वाचून ठरवू नका.

हिशेबनीस:
संथगतींना अनुमोदन. पैशांचं माझ्याकडून थोडं.

स्ट्रीम आज झाला तरी त्याचे पैसे खात्यात दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. त्यात बऱ्याच सेवांकडे किमान रक्कम जमल्याशिवाय काढता येत नाही. नव्या माणसाला वाटतं, पैसे बुडाले. बुडत नाहीत, रखडतात.

स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम बहुतेकांना उशिरा कळतो: मागच्या १२ महिन्यांत एखाद्या गाण्याचे किमान १,००० स्ट्रीम झाले नसतील तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा मोबदलाच मिळत नाही. ३० सेकंदांच्या आत गाणं बदललं तर तो स्ट्रीम धरतच नाहीत. डिस्ट्रिब्युटर कुठलाही असो, हे बदलत नाही. म्हणून 'आम्ही १०० टक्के कमाई देतो' या वाक्यावर फार भाळू नये. शंभर टक्के कशाचे, ते आधी बघा.

डिस्ट्रिब्युटर अमेरिकन असेल आणि तुम्ही अमेरिकेबाहेर असाल तर डब्ल्यू-८बेन हा करफॉर्म भरावा लागतो. तो नसला, किंवा आपल्या देशाचा अमेरिकेशी करसवलतीचा करार नसला, तर अमेरिकेतल्या कमाईतून ३० टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन वर्षं तो चालतो, मग पुन्हा भरायचा. स्मरणपत्र येईलच असं नाही.

गीतकारीण:
हिशेबनीस, एक जोडते. डिस्ट्रिब्युटर गोळा करतो ते रेकॉर्डिंगचे पैसे. चाल आणि शब्द यांचा मोबदला वेगळ्या वाटेने येतो, त्यासाठी गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे स्वतंत्र नोंदणी लागते. काही डिस्ट्रिब्युटर जादा पैसे घेऊन तेही काम करतात, पण अशा सेवा बंद पडल्याचीही उदाहरणं आहेत (सीडी बेबीने आपली २०२३ मध्ये थांबवली). मी दोन्ही कामं वेगळी ठेवलीत. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी ती नोंदणी हलवावी लागत नाही.

मिक्सिंगवाला:
सोडून जायचं कसं यावर लिहितो, कारण स्टुडिओत येणाऱ्या बऱ्याच जणांचं हे स्थलांतर मीच करून दिलंय.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. डिस्ट्रिब्युटर तो आपोआप देतो. दिलेला क्रमांक त्या रेकॉर्डिंगला जन्मभर चिकटलेला असतो, डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच वापरायचा. तुमचे आजवरचे प्ले, प्लेलिस्टमधली जागा, लोकांनी सेव्ह केलेलं गाणं, हे सगळं नव्या अपलोडला जोडलं जातं ते मुख्यतः त्याच्या जोरावर. म्हणून अपलोड झाल्या झाल्या तो स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. खातं बंद झाल्यावर शोधत बसणारे मी पाहिलेत.

क्रम असा. आधी नव्याकडे तीच ऑडिओ फाइल टाकायची. तीच म्हणजे तीच, 'जाता जाता जरा आवाज वाढवून दे' असं मला सांगायचं नाही. आयएसआरसी जुना, मूळ रिलीजची तारीख जुनी, गाण्याचं आणि कलाकाराचं नाव अक्षरशः जुन्यासारखं, शक्य असेल तर यूपीसी म्हणजे अल्बमचा बारकोडही जुनाच. नवं सगळीकडे दिसू लागलं, आकडे जुळले, की मग जुन्याला काढायला सांगायचं. लोक उलट करतात: रागारागात आधी जुनं उतरवतात. मग मधले दिवस गाणं कुठेच नसतं आणि नंतर आकडे शून्यापासून.

सोडताना त्रास देणारेही असतात. एका सेवेने आमच्या एका गायकाचं गाणं काढायला इतका वेळ लावला की दोन्ही प्रती शेजारी शेजारी नांदत होत्या. म्हणून सही करण्याआधी करार एक्स्क्लुझिव्ह आहे का (म्हणजे गाणं फक्त त्यांच्याकडूनच जाईल असा), किती दिवसांची सूचना द्यावी लागते आणि गाणं काढायचे पैसे घेतात का, एवढं वाचाच.

नवखी:
आयएसआरसी स्वतः काढून आणावे का मग?

मिक्सिंगवाला:
गरज नाही. लेबल काढायचं डोक्यात असेल तरच. नाहीतर डिस्ट्रिब्युटरचे चालतात, फक्त लिहून ठेवा.

नवखी:
आभार दादा. माझा अनुभव छोटा आहे. माझ्याच नावाची आणखी एक गायिका आहे, तिची गाणी वेगळ्या भाषेतली. माझं पहिलं गाणं थेट तिच्या पानावर गेलं. तिच्या चाहत्यांनी काय काय म्हटलं असेल देव जाणे. अपलोड करताना 'हा कलाकार आधीपासून आहे का' असा एक प्रश्न असतो, तिथे 'नवं पान' निवडायचं किंवा आपल्याच पानाची लिंक द्यायची. माझ्या सेवेत तो पर्याय दिसलाच नव्हता. सपोर्टला लिहिलं तर ठोकळेबाज उत्तर आलं, तेच पुन्हा आलं. शेवटी प्लॅटफॉर्मच्या कलाकारांसाठीच्या खात्यातून तक्रार केली तेव्हा सुटलं.

लूपवाला:
मी बीट बनवतो. यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा (इतरांच्या व्हिडिओंत आपला ऑडिओ ओळखून त्यावर दावा लावणारी सोय) डबा टिक करण्याआधी थांबा, एवढंच सांगायला आलो. ती सोय फक्त तुमच्या एकट्याच्या हक्काच्या ऑडिओसाठी आहे. लायब्ररीतला लूप वापरलाय, किंवा तोच बीट बिगर-एक्स्क्लुझिव्ह परवान्याने चौघांना विकलाय, तर टिक करू नका. माझ्याकडून बीट घेतलेल्या एका रॅपरने टिक केलं, आणि दुसऱ्याच्या व्हिडिओवर हक्काचा दावा पडला. दोघेही मलाच फोन करत होते.

दुसऱ्याचं गाणं पुन्हा गाणाऱ्यांनीही (कव्हर) आधी परवान्याची चौकशी करावी. मूळ शब्द बदलले किंवा भाषांतर केलं तर साधा कव्हरचा परवाना पुरत नाही, मूळ हक्कदाराचीच परवानगी लागते.

पहाटपाळी:
माझ्यावर आलेला प्रसंग सगळ्यात वाईट, म्हणून उशिरा लिहितेय. गाणं आपोआप एका भलत्याच प्लेलिस्टमध्ये गेलं. मी कुणालाही पैसे दिले नव्हते. आकडे अचानक वाढले, मी खूश. मग डिस्ट्रिब्युटरचा मेल: कृत्रिम स्ट्रीम (खऱ्या श्रोत्यांचे नसलेले) आढळले, गाणं काढलं आहे. असं उघडउघड आढळलं तर स्पॉटिफाय २०२४ पासून लेबल आणि डिस्ट्रिब्युटरकडून गाण्यामागे दंड घेतं, आणि बरेच डिस्ट्रिब्युटर तो कलाकाराकडून वसूल करतात. दाद मागायला माणूसच नाही, नुसता फॉर्म.

आता आकडे एकाच शहरातून उसळताना दिसले की मी स्क्रीनशॉट काढून स्वतःहून डिस्ट्रिब्युटरला कळवते. आणि सेवा निवडताना सगळ्यात आधी सपोर्ट बघते. बाकी सगळ्यांचा माल त्याच दुकानांत जातो.

कॅसेटवाला:
डिस्ट्रिब्युटर हवाच का, असं कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. माझे श्रोते मोजके, पण विकत घेणारे. मी २००८ पासूनच्या बँडकॅम्पवर थेट विकतो, डिजिटल विक्रीवर ते साधारण १५ टक्के घेतात, पैसे वळते करण्याचा खर्च वजा जाता बाकी माझं. कुणी घेतलं त्याचा ईमेलही मिळतो, जो स्ट्रीमिंगवाले कधी देणार नाहीत. तिथेही सगळं स्थिर आहे असं नाही: २०२२ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतलं, २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेलं, तेव्हा तिथल्या बऱ्याच माणसांची नोकरी गेली. तरी पहिला आठवडा तिथे आणि मग बाकीकडे, असं मी करतो.

बासवाला:
पण प्लेलिस्टवाला श्रोता तिथे येत नाही हो.

कॅसेटवाला:
नाही येत. मला तो फारसा लागतही नाही. तुम्हाला लागत असेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. पहाटपाळी, तुमचं वाचून मी पैसे भरण्याआधी मनात असलेल्या सेवांच्या सपोर्टला एकच प्रश्न पाठवला: सोडताना आयएसआरसी तेच ठेवता येतील ना, आणि किती दिवस लागतील? एकीने माणसासारखं उत्तर दिलं, दिवसांसकट. तिच्याकडे जातेय. वर्गणीवालीच आहे, पण माझी पुढची गाणी रांगेत आहेत, तेव्हा परवडेल.

रिलीजची तारीख चार आठवडे पुढे ठेवलीय. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट बनवणाऱ्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर ते रिलीजआधीच करावं लागतं, आणि किमान ७ दिवस आधी केलं तर फॉलोअरांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये आपण सुचवलेलंच गाणं जातं. ईपीचं मुखपृष्ठ (कव्हर) मात्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं मागतात, माझं निम्मंच आहे. चित्रकार मैत्रिणीकडे मूळ फाइल मागितलीय.

मिक्सिंगवाला:
मागताच आहात तर कोपऱ्यातलं इन्स्टाचं नावही काढायला सांगा. असल्या कव्हरवरून रिलीज परत पाठवतात.