जोत्यातला मुरूम नुसत्या पाण्याने बसतो का?

परभणीकर_७७: गावाकडे घर बांधतोय. जमीन काळी, कॉलम आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळया) झालेत. आत 700 चौरस फूट जागा, भराव 3 फूट. मुरमाच्या 21 ट्रॉल्या आल्या, जेसीबीने एका दिवसात लोटल्या, काठोकाठ भरलं. मिस्त्री म्हणतो, "दोन दिवस पाइप सोडा, पाणीच दाबून घेतं." वडील म्हणतात, धुम्मस केल्याशिवाय, म्हणजे ठोकून दाबल्याशिवाय फरशी नको. काल पाणी सोडलं, तर एक कोपरा वीतभर खचला आणि मध्ये माझी चप्पल रुतून बसली. कोणाचं ऐकू?

साइटवरचा_काका: वडिलांचं. हिशोब तुम्हीच दिलाय की! 700 गुणिले 3 म्हणजे 2100 घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 21 ब्रास. ट्रॉली ब्रासभराची धरली तर सुटा मुरूम आला तेवढ्यातच जोतं भरलं, म्हणजे तो दबलाच नाही. धुमसला असता तर आणखी चार-पाच ट्रॉल्या सहज खाल्ल्या असत्या.

पाण्याने रेती बसते. मुरमात माती असते, त्याचा वर चिखल होतो नि खाली पोकळ राहतं. आता उपसा. सहा-सहा इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर रॅमर (ठोकून दाबायचं मशीन) फिरवा. पाणी किती? मूठभर मुरूम दाबा, लाडू वळला पाहिजे पण तळहाताला चिखल लागता कामा नये. बीमच्या कडेला नि कोपऱ्यात मशीन पोचत नाही, तिथे हातधुम्मसच.

माझ्याच घरात न्हाणीघराचा भराव घाईत उरकला होता. दुसऱ्या पावसाळ्यात स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली फट पडली. धाकटी त्यात रुपयाची नाणी टाकायची. आठ तरी आत असतील.

लॅबवाली: पायाच्या खोदाईतली काळी माती आत ढकलली नाही ना? ती कितीही धुमसा, ओलीने फुगते, वाळली की आकसते.

परभणीकर_७७: ढकललीय! उत्तरेच्या कोपऱ्यात उकरलं तर मुरमाखाली दोन-अडीच फूट तीच निघाली. मिस्त्री रुसलाय. मुरूम वाफशावर आला की रॅमर भाड्याने आणतो. वडील मात्र आत्ताच लाकडी धुम्मस शोधायला माळ्यावर चढलेत.